डावा पिवळा, उजवा पिवळा

पांढऱ्या रंगावरून भांडण झालेलं घर माझ्या पाहण्यात नाही. पांढरा लवकर मळतो, एवढं एक वाक्य कुणीतरी बोलतं, सगळे मान डोलावतात आणि पांढरा लागतो. निळा थंड वाटतो, गुलाबी मुलींच्या खोलीत बरा, हिरव्याचं पुढच्या वेळी बघू, विषय संपला. पिवळ्याचं तसं होत नाही. पिवळाच लावायचा यावर घरात आधी एकमत होतं आणि भांडण त्यानंतर सुरू होतं. कारण प्रत्येकाच्या डोक्यात एक पिवळा लहानपणीच लागून वाळलेला असतो. बाकीचे सगळे त्याला पिवळट वाटतात.

आमच्या घरात तर दोन जिल्ह्यांचे पिवळे नांदतात. मी सातारचा, बायको सांगलीची. मध्ये अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, नदी एकच. कृष्णा आमच्याकडे माहुलीला वेण्णेला पोटात घेते, कराडला कोयनेला घेते आणि हरिपूरला वारणेला भेटायच्या आधी सांगलीकरांची विचारपूस करून जाते. ही विचारपूस कधीकधी घरात येऊन होते, त्याबद्दल पुढे.

यंदा साताऱ्याच्या घराला रंग काढायचा ठरला. दुकानातून पंख्यासारखं उलगडणारं शेडकार्ड आणलं. त्यात पिवळ्याच्याच इतक्या पट्ट्या, की त्या बघून झाल्यावर भिंत नुसती गिलाव्याची ठेवावी असं वाटायला लागतं. गाळत गाळत शेवटी एकाच पट्टीवरचे शेजारशेजारचे दोन चौकोन उरले. एकाच्या इंग्रजी नावात लोणी होतं, दुसऱ्याच्या नावात सूर्य. नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून घरात त्यांना डावा पिवळा आणि उजवा पिवळा म्हणायला लागलो. ही सोय चांगली होती, पण शेडकार्डाला सुलटी-उलटी बाजू नसते. आत्यानं ते उलटं धरलं आणि अख्खी सकाळ ती उजव्याच्या बाजूनं जो वाद घालत होती, तो सगळा डाव्याच्या गुणांवर. बायको तिला तितक्याच हिरिरीनं विरोध करत होती, म्हणजे स्वतःच्याच आवडत्या रंगाला. दोघींच्या मुद्द्यांत मात्र कुठेही खोट नव्हती. 'डोळ्यांना त्रास होणार नाही' हा मुद्दा दोन्ही पिवळ्यांना सारखाच लागू पडला.

दोन रंगांत माणसाच्या डोळ्याला फरक नेमका कुठे कळायला लागतो, हे अमेरिकेत डेव्हिड मॅकॲडम नावाच्या शास्त्रज्ञानं मोजून ठेवलं आहे. 1942 साली त्यानं ते छापलं. त्यासाठी एका माणसाला बसवून सुमारे 25 हजार वेळा रंग जुळवायला लावले. गंमत म्हणजे त्याच 1942 साली इकडे मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. म्हणजे फरक मोजणारे आणि फरक विकणारे एकाच वर्षी कामाला लागले. मॅकॲडमच्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. पण त्याच्याशेजारी त्याची आत्या बसलेली नव्हती, हेही विसरून चालत नाही. ती असती तर तो प्रयोग पंचविसाव्या जुळवणीलाच आटोपला असता.

आता सांगलीचा पक्ष. सांगलीत पिवळा ही आवडनिवडीची गोष्टच नाही, तो मालाचा दर्जा आहे. तिथल्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात आणि पिवळेपणावर पैसे पडतात. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर सांगलीकराशी पिवळ्यावर वाद घालणं म्हणजे पेटंटधारकाशी वाद घालणं. माझ्या सासऱ्यांची उमर तिथल्या एका आडतीवर दिवाणजी म्हणून गेली. हळकुंड कसं बघायचं ते त्यांनी मला लग्नानंतर पहिल्या दिवाळसणालाच दाखवलं होतं. पोत्यातून एक उचलायचं, वरच्या रंगाकडे बघायचंच नाही. तो ड्रममध्ये घालून पॉलिश केलेला असतो, त्याच्यावर विश्वास ठेवणारा जावई मिळाल्याचं त्यांना दुःख झालं. दोन अंगठ्यांमध्ये धरून कट्‌कन मोडायचं. आवाज खणखणीत आला पाहिजे. मऊ आवाज म्हणजे ओल. मग मोडलेलं तोंड उजेडाकडे करायचं. आतला गाभा केशरीकडे झुकला की त्यांचा चेहरा खुलतो. 'पोटातला रंग बघायचा, जावईबापू. वरचा रंग कुणीबी लावतंय.' हे वाक्य त्यांनी तेव्हा ज्या नजरेनं उच्चारलं, त्यावरून ते हळदीबद्दलच होतं याची मला अजून खात्री नाही.

हळदीवर भागलं नाही तर बेदाणा आहेच. तासगाव-सांगलीकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देऊन सोनेरी पिवळा करतात, आणि एका ताटातल्या दाण्यापेक्षा शेजारच्या ताटातला किती उजळ, यावर व्यापारी माणसं गंभीर चेहऱ्यानं बोलत बसतात. अशा गावातून आलेल्या मुलीला शेडकार्डवरचे दोन चौकोन दाखवून 'दोन्ही सारखेच तर आहेत' म्हणणारा नवरा तिच्या दृष्टीनं आंधळाच. 'अहो, उजव्यात हिरवट झाक आहे, दिसत नाही का?' ती विचारते. मी डोळे बारीक करून बघतो. डोळे बारीक केल्यानं मला एवढंच कळतं की चष्म्याचा नंबर वाढला आहे.

सातारचं पिवळ्याशी नातं व्यापाराचं नाही, ते फुकटचं आहे. पाऊस सरत आला की वर कासला सोनकी फुलते, कवला फुलतो आणि अख्खा सडा पिवळा होऊन बसतो. कुणी पेरलेला नाही, कुणी भाव केलेला नाही. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून तो पिवळा बघायला तिकीट लागतं खरं, पण सातारकर मनातून ते तिकीट पाहुण्यांसाठी आहे असंच समजतो. आणि पौषात कराड तालुक्यातल्या पालला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, तेव्हा तारळी नदीच्या दोन्ही काठांवर भंडारा असा उधळतात की माणूस, बैल, पागोटं, पोलिसाची टोपी, सगळं एका शेडमध्ये येतं. आत्याचा पिवळा तो. त्यात झाक नसते, छटा नसते, मोजमाप नसतं. 'पिवळा म्हंजे पिवळा. त्यात डावं-उजवं कसलं काढत बसायचं?' असं म्हणून ती पुन्हा डाव्याची बाजू घेते. पालला उधळतात तो भंडारा सांगलीच्या मार्केट यार्डातूनच जातो, असं सासऱ्यांचं म्हणणं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सूर्यसुद्धा सकाळी तिथूनच उचल घेऊन निघतो.

सासऱ्यांचं मत घ्यायचं म्हणून बायकोनं दोन्ही चौकोनांचा फोटो त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचं उत्तर आलं : 'दोन्ही उत्तम. माल चांगला आहे.' तिला बरं वाटलं. मग शंका आली म्हणून स्वयंपाकघराच्या पांढऱ्या फरश्यांचा फोटो पाठवून बघितला. 'हाही चांगला, जरा फिका.' चौकशी केली तेव्हा कळलं, डोळ्यांना त्रास नको म्हणून नातवानं त्यांच्या फोनच्या पडद्याला पिवळी झाक लावून दिली आहे, चोवीस तास. गेले कित्येक महिने ते सगळं जग पिवळं बघत होते आणि त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

शेवटी रंगाऱ्यानंच सॅम्पल मारायचा तोडगा काढला. रंगारी वाईकडचा, बोलायला मोकळा. 'सायेब, कार्डावरचा येगळा, डब्यातला येगळा आन् भिताडावरचा येगळा. तुमी कुटला बी सांगा, मी लावला की तो तिसराच हुतो.' हे तो सहज बोलून गेला, पण त्यात बरंच पदार्थविज्ञान आहे. कार्डावरचा चौकोन नखाएवढा आणि त्याच्या भोवती पांढरा कागद. खोलीत मात्र चारी भिंती पिवळ्या, आणि त्या एकमेकींवर उजेड फेकत राहतात. एका भिंतीचा पिवळा दुसरीवर पडतो, दुसरीचा पहिलीवर. त्यामुळे कार्डावर सौम्य वाटलेला रंग खोलीत अंगावर येतो. जाणते लोक म्हणूनच आवडला त्याच्या एक पायरी फिका घ्या म्हणतात. आमच्याकडे एक पायरी फिका म्हणजे कोणाच्या आवडीपेक्षा फिका, यावर संध्याकाळ गेली.

भिंतीवर दोन्हींचे हातभर चौकोन मारले आणि दिवसभर घरातले सगळे येता-जाता त्यांच्यापुढे थांबायला लागले. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं तेव्हा डावा सुंदर. दुपारी उत्तरेकडच्या खिडकीतून नुसता आभाळाचा निळसर उजेड आला आणि डावा आजारी दिसायला लागला. तेव्हा उजवा बरा. रात्री पांढरी ट्यूब लावली तर दोघेही हिरवट, आणि जिन्यातला जुना पिवळा बल्ब पेटवला तर दोघांत फरकच उरेना. ही लबाडी नाही. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवले असले तर एका उजेडात जुळे भाऊ दिसतात आणि दुसऱ्या उजेडात ओळखही दाखवत नाहीत. फ्रान्समध्ये मिशेल शेव्रल नावाचा रसायनतज्ज्ञ होता. तो गोबेलँच्या गालिच्यांच्या कारखान्यात रंगाचं काम बघायचा. काळा धागा नीट काळा दिसत नाही अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं शोधून काढलं की धाग्यात काही खोट नाही, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसतो. त्यावर 1839 साली त्यानं जाडजूड पुस्तक लिहिलं. हा माणूस 102 वर्षं जगला. रंगाच्या वादात आयुष्य घालवूनही इतकं जगता येतं, याचा मी तेव्हा बराच आधार घेतला.

शेजाऱ्यांची मतं सांगत नाही. ती आली, मुबलक आली.

खरा गोंधळ उडाला तो वाळण्यावरून. ओला चौकोन बघून आत्या म्हणाली, 'आत्ता काय बघताय, वाळला की उघडेल.' रंगारी म्हणाला, 'न्हाय आत्या, वाळला की बसंल. डार्क हुईल.' दोघंही अनुभवाचे बोल बोलत होते आणि दोघांचंही खरं होतं. आत्याचा अनुभव चुन्याचा. चुना ओला असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, भिंत दिसतच राहते, आणि वाळेल तसा पांढरा पडत रंग उजळतो. रंगाऱ्याचा अनुभव डब्यातल्या प्लास्टिक पेंटचा. तो ओला असताना दुधाळ दिसतो आणि वाळला की गडद होतो. दोन पिढ्या एकाच भिंतीपुढे उभ्या राहून बरोब्बर उलट सल्ला देतात, आणि मधल्या पिढीला वाटतं आपलंच डोकं फिरलं आहे.

आत्याच्या लहानपणी वाड्याला पिवळा लावायचा म्हणजे शेडकार्ड नव्हतंच. चुना पिंपात भिजत घालायचा, त्याची खदखद थांबली की गाळायचा, भिंतीला धरावा म्हणून सरस किंवा डिंक, आणि मग वाण्याकडून आणलेली पिवडी. पिवडी म्हणजे लोह असलेली पिवळी माती. ती उन्हानं उडत नाही, चुन्याशी भांडत नाही. शेड ठरायची ती पुड्यांवरून : ओटीला तीन पुड्या, माजघराला दोन, न्हाणीघराला उरलेलं. दुसरं पिंप पहिल्यासारखं कधीच व्हायचं नाही, त्यामुळे प्रत्येक भिंत अर्ध्यावर रंग बदलायची आणि त्यावर कुणी बोलायचं नाही. एकच अडचण होती, भिंतीला टेकलं की रंग पाठीला लागायचा. पांढरा सदरा घालून आलेला पाहुणा जाताना पाठीवर पिवळा पट्टा घेऊन जायचा. तो आज कोणाकडे जेवून आला, हे पेठेत लोकांना मागून ओळखता यायचं. काही मंडळींनी त्यामुळे काही घरांत भिंतीपासून हातभर लांब बसायची सवय लावून घेतली होती, असं आत्या सांगते. नावंही सांगते. मी लिहीत नाही.

सासऱ्यांचा आग्रह हळदीच्या रंगाचा होता. त्यांना फोनवर एकदा विचारून बघितलं, इतकी हळद सांगलीत, पण हळदीनं भिंत रंगवली असं कुणी ऐकलंय का? ते गप्प झाले. हळद चुन्यात पडली की लाल होते. जुन्या बायका कुंकू करायच्या ते याच गुणावर. म्हणजे सांगलीतल्या एखाद्या हौशी माणसानं चुन्यात हळद कालवून घर पिवळं करायला घेतलं असतं, तर सकाळी उठून त्याला लाल घरात राहावं लागलं असतं. बरं, चुना टाळला तर ऊन आहेच. हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, हे प्रत्येक घरच्या धुणेवालीला ठाऊक आहे. हळदीला अंधार मानवतो. हरिपूरला जमिनीखाली पेवं खणून त्यात हळद साठवायचे, ते काय उगीच? 2005 च्या पुरात त्यातल्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं. एवढं सगळं मी बोलून दाखवल्यावर सासरे म्हणाले, 'म्हणजे तुम्ही भिंतीला ऊन लागू देणार?'

पुराचा विषय निघाला की सांगलीत रंगाची चर्चा वेगळ्या पातळीवर जाते. पातळी हा शब्द तिथे फुटांत असतो. 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलावर पाणी 45 फुटांवर गेलं की धोका, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्याही वर गेलं. सासऱ्यांचं घर गावभागात. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो होतो तेव्हा त्या घरात पिवळा, निळा, गुलाबी असं काही उरलंच नव्हतं. छातीपर्यंत सगळ्या खोल्या एकाच रंगाच्या, आणि वर एक सरळ रेघ, कुठल्याही रंगाऱ्याला दोरी लावूनसुद्धा मारता येणार नाही इतकी सरळ. सासूबाई हातात खराटा घेऊन म्हणाल्या, 'कृष्णामाईनं रंग काढून दिला बघा, फुकटात.' त्यानंतर त्यांनी खालच्या निम्म्या भिंतींना ऑइलपेंट मारून घेतला, धुता येतो म्हणून. रंग निवडायला त्यांना काही वेळ लागला नाही. गाळाच्या सगळ्यात जवळचा पिवळा कुठला, एवढंच त्यांनी दुकानदाराला विचारलं. घर रंगवण्याच्या कामात इतका स्पष्ट निकष मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

साताऱ्यात पूर येत नाही, ओल येते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पश्चिमेची भिंत स्वतःच्या मनानं नकाशे काढते. त्यामुळे डावा की उजवा यापेक्षा लांबी नीट भरली का, प्रायमर दोन हात मारला का, हे विचारायला हवं होतं. ते मी विचारलं. रंगाऱ्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं आणि बायकोला विचारलं, 'वहिनी, मग कुटला ठरला?'

ठरला तो असा. दुकानदार म्हणाला, मशीनमध्ये दोन्ही शेड पाच मिनिटांत करून देतो, पण वीस लिटरच्या बादलीत एकाच कंपनीचा बेस शिल्लक आहे. रंगाऱ्याचे डोळे चमकले, कारण त्या बादलीत टोकन असतं. टोकन रंगाऱ्याचं, हा बाजाराचा नियम. इतके दिवस डाव्या-उजव्याबद्दल अलिप्त असलेला हा माणूस अचानक तत्त्वनिष्ठ झाला. 'सायेब, घेऊन टाका. ह्योच घरात शोभंल.' त्या कंपनीच्या पुस्तकात आमचे दोन्ही पिवळे नव्हतेच. जवळचा एक होता, तो निघाला. शेडकार्ड तोवर इतक्यांदा उलटंसुलटं झालं होतं, की लागला तो आपलाच, अशी बायकोची आणि आत्याची दोघींची खात्री आहे. ती मोडायला मी गेलेलो नाही.

रंग वाळल्यावर सासरे कोयना एक्स्प्रेसनं आले. पाण्याचा तांब्या हातात घेतला नाही, चपला काढल्या आणि सरळ भिंतीपुढे गेले. तळहात फिरवला, मागे सरकले, चष्मा काढला, पुसला, घातला. मग पिशवीत हात घालून एक हळकुंड काढलं, दोन अंगठ्यांत धरून मोडलं. आवाज खणखणीत आला. मोडलेलं तोंड भिंतीला लावून आधी खिडकीपाशी बघितलं, मग ट्यूबखाली.

'रंग बरा आहे,' ते म्हणाले, 'पण पोटात उतरल्यासारखा वाटत नाही.'

'पप्पा, भिंत आहे ती,' बायको म्हणाली.

'तेच तर. मोडून बघता येत नाही.'

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. ती पुढे आली आणि तिनं त्यांच्यापुढे हात केला. 'सांगलीकर, मोडलंच आहे तर द्या इकडं. कुटून संध्याकाळच्या आमटीला घेते.'

'अहो, राजापुरी आहे ती, खास निवडून आणलेली. आमटीत कसली घालता!'

'मग काय, भिंतीला लावू?'